बाहेर जाणारी पावले

१

मार्गशीर्षातल्या बुधवारी तिलोत्तमा पाढीच्या घरात कुणाला धड पाय टेकता येत नसे. सकाळपासून जळमटे, भांडी, फरशा. संध्याकाळी तांदूळ भिजत घालायचे. गुरुवारी पहाटे ते पाट्यावर गंधासारखे मऊ वाटायचे, चिंधी त्यात बुडवून मुठीत धरायची आणि अनामिकेवरून पीठ ओघळू देत उंबऱ्यापासून देवघरापर्यंत झोटी काढायची. वेल, कणसे, कमळे, आणि मधोमध लक्ष्मीची पावले. ओले असताना काही दिसत नाही, नुसते पाणी सांडल्यासारखे वाटते. सुकले की मग एकेक पाऊल पांढरे होऊन वर येते. लग्न होऊन ब्रह्मपूरला आल्यापासून चोवीस वर्षे तिने हा नेम चुकवला नव्हता. दरवर्षी ती पावले वर येताना बघून तिला वाटे, आली बाई, ह्याही वर्षी आली.

यंदा नेमात एक भर पडली होती. मुलगा सुरतेला नोकरीला, मुलगी सासरी. रिकाम्या घराने खायला उठू नये म्हणून तिलोत्तमाने गावातल्या कॉलेजात एम.ए.ला नाव घातले होते. आता लघुप्रबंध तेवढा उरला होता. विषय तिच्या हातातलाच, झोटीचा. गुरुवारची पूजा आटोपली, नैवेद्याचे मंडे, म्हणजे सारण भरून उकडलेले पिठाचे गोळे, झाकून ठेवले, की दुपारी ती लायब्ररी गाठी.

"देवीला सांगून जा," नवरा गौरांग म्हणायचा. "नाहीतर ती बसायची इथं वाट बघत, आणि तू तिकडं तिच्यावरचीच पुस्तकं वाचत."

"पुस्तकं नाही, शोधनिबंध."

"तेच ते. मंडे कुठं ठेवलेस?"

लायब्ररीत कनकलता बाई होत्या, निवृत्तीला आलेल्या. सारे कॉलेज त्यांना अपा म्हणे, म्हणजे थोरली बहीण. पहिल्याच दिवशी अपांनी तिलोत्तमाला शेजारी बसवून घेतले होते.

"सगळं वाचायला बसू नकोस, म्हातारी होशील. आधी सारांश वाच, मग शेवट. कामाचं वाटलं तरच मधलं. कुणी लिहिलंय, कुठं छापलंय, छापण्याआधी कुणा जाणकारानं तपासलंय का, ते बघ. आणि मागची संदर्भांची यादी सोडू नकोस. हरवलेलं माणूस कसं दारोदार विचारत शोधतो? तसं एका लेखावरनं त्याच्या आधीच्या लेखावर जायचं. जिथं वाट संपेल तिथं मूळ."

"आणि मूळ सापडलंच नाही तर?"

अपांनी चष्मा पुसला. "डोळ्यांनी पाहिलं नाही ते यादीत घालायचं नाही. भल्याभल्यांनी घातलंय. तू घालू नकोस."

झोटीवरच्या सगळ्या वाटा एकाच दाराशी येऊन थांबत होत्या. कुणीही काहीही लिहिलेले असो, शेवटी मूळ म्हणून डॉ. अनादि रथ यांच्या एकतीस वर्षांपूर्वीच्या निबंधाचे नाव असेच. आणि हे रथ सर तिलोत्तमाचे गाईड होते. तिने त्या निबंधाची झेरॉक्स करून घेतली तेव्हा देवाचा प्रसाद मिळाल्यासारखी ती कपाळाला लावली होती.

२

निबंध सुंदर होता. इतका सुंदर की वाचता वाचता तिलोत्तमाचे डोळे भरून येत. पीठ किती पातळ असावे ते कोपरापर्यंत आलेल्या थेंबावरून कसे कळते, हे त्यात होते. पाळी आलेल्या मुलीला त्या पहाटे दाराआडून नुसते बघत बसावे लागते, तेव्हा तिची बोटे आपोआप मांडीवर कशी फिरतात, हेसुद्धा होते. पुरुषाला हे कसे ठाऊक, असे तिला वाटून गेले. मग वाटले, विद्वान माणूस. विचारले असेल कुणाला.

बिघडले ते फोटोपाशी. निबंधात एकच फोटो होता. वरच्या अंगाला पूजेचा चौरंग, त्यावर भाताच्या दाण्यांनी भरलेले माप, आणि समोर जमिनीवर पावले. खाली छापले होते, 'घरात येणारी लक्ष्मी'.

पावले घरात येत नव्हती. टाचा चौरंगाकडे होत्या. बोटे फोटोच्या खालच्या काठाकडे, म्हणजे दाराकडे. सात पावले, आणि सातही बाहेर चाललेली.

असे कुणी काढत नाही. पाच वर्षांची पोरसुद्धा काढणार नाही. तिलोत्तमाने झेरॉक्स पालथी घातली आणि उगीचच देवघराकडे बघून हात जोडले.

दुसऱ्या दिवशी तिने भीत भीत सरांना विचारले. सरांची खोली वरच्या मजल्यावर, व्हरांड्याच्या टोकाला होती. बायको जाऊन वर्षे झाली होती. सर बहुतेक वेळ तिथेच बसत.

"फोटो?" सर हसले. "तो मीच जमवला. पावलंही मीच काढली. संपादक म्हणाला, चित्र हवं, आणि हाताशी कुणी नव्हतं. का?"

"सर, ती उलटी आहेत. बाहेर चाललीत."

"तिलोत्तमा देवी, पाऊल म्हणजे पाऊल. एकतीस वर्षांत कुणाला खटकलं नाही. आठ विद्यापीठांत शिकवतात हा निबंध."

"तपासणारे सगळे पुरुषच असतील, सर."

ती हे गमतीने म्हणाली होती. सरांचे हसू मात्र तिथेच थांबले.

३

दुसऱ्या गुरुवारी तिने झेरॉक्स पुन्हा काढली तेव्हा पावले नऊ होती.

तिने बोट ठेवून मोजली. पुन्हा मोजली. शेवटचे पाऊल आता फोटोच्या काठाला टेकले होते. आपणच मागच्या खेपेला चुकलो, असे तिने स्वतःला सांगितले. उपासाचा दिवस, पोटात अन्न नाही, चष्म्याचा नंबर वाढलेला. खात्रीसाठी तिने लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर तोच निबंध उघडला. तिथेही नऊ.

"अपा, जरा ह्यात पावलं मोजा ना."

कनक अपा वाकल्या. मोजली की नाही कळले नाही. त्यांनी हात पुढे करून पडदाच बंद केला.

"तू संदर्भ शोधायला आलीस की फोटो बघायला?" त्यांचा आवाज कोरडा होता. मग, तिच्याकडे न बघता, त्या म्हणाल्या, "कॉम्प्युटरमध्ये सगळं नसतं. जुन्या नोंदी लाकडी खणांत आहेत. कुणी उघडत नाही."

खण उघडताना करकरले. पिवळ्या पडलेल्या कार्डांवर शाईने लिहिलेल्या नोंदी. झोटीच्या विषयाखाली एकच कार्ड होते. लेखाचे नाव सरांच्या निबंधाचे, अक्षर न् अक्षर तेच. छापल्याचे ठिकाण ह्याच कॉलेजचा वार्षिक अंक. साल सरांच्या निबंधाच्या दोन वर्षे आधीचे. लेखकाच्या जागी नाव होते, जेमामणी साहू, बी.ए. अंतिम वर्ष.

तिलोत्तमा कार्डावरची नोंद उतरवून घेत होती. वाचनालयात तिच्याखेरीज कुणी नव्हते. अपा त्यांच्या टेबलाशी. तरी पाठीमागून कुणीतरी अनवाणी गेल्यासारखे वाटले. पायाला काही ओले लागलेले असले की फरशीवर येतो तसा आवाज. चिकटून सुटणारा.

ती वळली. फरशी मोकळी होती. कडेला थोडेसे पाणी सांडलेले दिसले, इतकेच.

४

तिसऱ्या गुरुवारी अपांनी न मागता तो वार्षिक अंक तिच्यापुढे आणून ठेवला. अनुक्रमणिकेत एका ओळीवर कागदाची पट्टी डकवली होती. मधली पाने गेली होती. फाटली नव्हती, शिलाईजवळून पात्याने सरळ कापली होती. कापणारा हात घाईत नव्हता.

"कुणी कापली?" तिने विचारले, आणि विचारतानाच तिला उत्तर कळले.

"आम्ही एका बाकावर बसायचो," अपा म्हणाल्या. "जेमाचे वडील कुंभार. घरात झोटी अशी निघायची की गाव बघायला यायचं. तिनं वर्षभर खपून लिहिलं. मग रथ सरांना दिलं तपासायला, मोठ्या नियतकालिकात पाठवायचंय म्हणून. तेव्हा ते नवेच होते. तपासायला ठेवलं ते ठेवलंच. दोन वर्षांनी त्यांच्या नावानं छापून आलं."

"तिनं सांगितलं नाही कुणाला?"

"सांगितलं की. ह्याच खोलीत. सर म्हणाले, पोरीनंच माझ्या टिपणांवरनं उतरवलं होतं. दाखव म्हणाले तुझा लेख कुठाय. ती कपाटाकडं गेली, अंक काढला, उघडला..." अपांनी कापलेल्या कडेवर बोट ठेवले. "सगळे हसले. मीही हसले, तिलो. मला नोकरी हवी होती इथं."

"मग?"

"मग काय. मार्गशीर्षातला गुरुवार होता. उपाशी होती. ह्या दारातून बाहेर पडली." अपांनी बोटाने दार दाखवले. "अजून घरी पोचली नाही."

बाहेर दुपारचे ऊन पडले होते. तिने पिशवीतून सरांच्या निबंधाची झेरॉक्स काढली.

फोटोत चौरंग होता. भाताचे माप होते. जमीन स्वच्छ होती. एकही पाऊल नव्हते.

तिने फोटोखालच्या कोऱ्या कागदावरून बोट फिरवले. दिसत काहीच नव्हते. पांढऱ्यावर पांढरे काय दिसणार? पण बोटाला खरखर लागत होती. वाळलेल्या पिठाची. कडेपर्यंत लागली, आणि कागद संपला.

घरी जाऊन तिने गौरांगला फक्त पाने कापल्याचे सांगितले. बाकीचे सांगायला जीभ वळली नाही.

"जुनी प्रकरणं उकरू नकोस," तो जेवता जेवता म्हणाला. "तू आपली सही घे आणि मोकळी हो. रथ सरांशी वाकडं घेऊन ह्या गावात कुणाचं भलं झालंय?"

"आणि तिचं?"

"कुणाचं?"

तिलोत्तमाने त्याच्या पानात भात वाढला, आणि तिला एकदम राग आला. चोवीस वर्षांत तिला असा राग आला नव्हता. तो आपला एकटीचा नसावा, असे तिला वाटले.

५

सोमवारी तिने लघुप्रबंध सरांपुढे ठेवला. संदर्भांच्या यादीत जेमामणी साहूचे नाव पहिले होते. पुढे तिने प्रामाणिकपणे लिहिले होते, 'पाने कापलेली. लेख पाहता आला नाही. नोंद कार्डावर; अंकाच्या अनुक्रमणिकेतली ओळ पट्टीने झाकलेली.'

सरांनी ओळ वाचली. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"नसलेल्या पानांचा संदर्भ देतात का कुठं?"

"पानं होती, सर."

"हे काढा. गुरुवारी शेवटची तारीख. तोवर सही नाही तर वर्ष गेलं तुमचं. पुन्हा ह्या वयात कोण घेतंय शिकायला?" मग आवाज मऊ करून ते म्हणाले, "तुमचं तिसरं प्रकरण मात्र छान उतरलंय. भिंतीवरच्या कणसांचं. ते मी निबंध म्हणून पाठवतोय. माझ्या नावाशिवाय कोण छापणार? खाली तुमचे आभार मानू की."

तिसरे प्रकरण तिने आईच्या आठवणीवर लिहिले होते. आईच्या हाताची ती कणसे आता कुठल्याच भिंतीवर उरली नव्हती.

"सर," ती कशीबशी म्हणाली, "तिचं नाव एकदा लिहा. एवढंच. सगळ्यांना माफी असते."

"कुणाचं नाव?" सर म्हणाले, आणि पुढचा गठ्ठा ओढला.

६

चौथ्या गुरुवारी पूजा झाली. तिलोत्तमाने देवीपुढे डोके टेकले आणि सरांना बुद्धी दे असे मागितले. अगदी मनापासून मागितले.

दुपारी ती कॉलेजात शिरली तेव्हा वाचनालयाच्या दारात कनक अपा भिंतीला धरून उभ्या होत्या.

"तुला दिसतंय का ते सांग," त्या म्हणाल्या. "मला एकटीला दिसत असलं तर मी घरी जाते."

वाचनालयाच्या फरशीवर पावले उमटली होती. जुन्या कपाटापासून निघून बाकांच्या मधून दारापर्यंत, दारातून बाहेर, जिन्यावर, एका पायरीवर एक. लहान, रुंद टाचेची, बोटे पसरलेली. पुष्कळ चालून आलेल्या बाईची. लक्ष्मीची पावले अशी नसतात. ती सगळी सारखी असतात. ह्यातले डावे दर वेळी थोडे फरफटलेले होते.

"सकाळी पाणी सांडल्यासारखं दिसलं होतं," अपा म्हणाल्या. "आत्ता वर आलीत."

म्हणजे चालणारी केव्हाच पुढे गेली होती. तिलोत्तमा जिना चढली. वरच्या व्हरांड्यात पावले अजून अर्धवट होती; तिच्या डोळ्यांदेखत एकेक पांढरे होत होते, आणि ती जवळ जाई तसे पुढचे ओले चमकत होते. व्हरांड्याच्या टोकाला, सरांच्या उंबऱ्याशी, पावले थांबली होती. शेवटची दोन शेजारी शेजारी. कुणीतरी दाराशी उभे राहावे तशी.

आत एकही नव्हते.

"हे काय चाललंय?" सर खुर्चीतून ओरडले. दार उघडे होते. पण ते उठून उंबऱ्यापर्यंत आले नाहीत, हे तिलोत्तमाच्या लक्षात आले. "सकाळपासून हा घाणेरडा वास. कच्च्या पिठाचा. शिपायाला हाक मारतोय तर कुणी येत नाही. कुणाची करणी ही? त्या कनकलतेची?"

"नाही, सर."

"मग तुमची. बायकांचे चाळे! कोपऱ्यात बादली आहे, फडकं आहे. पुसा ते आधी."

"सर, ती बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. घाबरू नका. तुम्ही नुसतं तिचं नाव घ्या. चुकलं म्हणा. ती परत जाईल, मला वाटतं."

हे बोलताना तिला खरोखरच आशा होती. सरांनी तिचा लघुप्रबंध पुढे ओढला, शेवटचे पान काढले, आणि लाल पेनाने पहिल्या नावावर रेघ मारली. मग दुसरी. मग ते नाव दिसेनासे होईपर्यंत मारतच राहिले.

"झालं," ते म्हणाले. "आता पुसा, म्हणजे सही करतो."

७

तिलोत्तमाने फडके भिजवले, पदर खोचला आणि ती उंबऱ्याबाहेर गुडघ्यांवर बसली. सही टेबलावर होती, तीन हात लांब. वर्ष वाचणार होते. गौरांग म्हणाला असता, शहाणी बाई.

फडके शेवटच्या पावलावर टेकवले तर ते अजून ओले होते. पीठ फडक्यात शिरले. पातळ, गार, गंधासारखे मऊ. हाताची मूठ वळली. तिने वळवली नव्हती. चोवीस वर्षांच्या सवयीने वळली. अनामिकेच्या टोकाशी एक थेंब येऊन थांबला.

ती थेंबाकडे बघत राहिली. पुसायला हात डावीकडे न्यायचा होता, बस. तिला आईच्या भिंतीवरची कणसे आठवली, आणि 'आभार मानू की' म्हणताना सरांनी मान कशी कलती केली होती ते.

तिने हात उंबऱ्यापलीकडे नेला आणि खोलीच्या फरशीवर एक पाऊल काढले. टाच दाराकडे, बोटे सरांच्या खुर्चीकडे. सुबक, अगदी घरी काढते तसे. दिसले काहीच नाही. फरशी जरा ओली झाली.

"ये बाई," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली.

"पुसलं का?" आतून सरांनी विचारले.

"हो सर."

ती उठली, आणि दार ओढून घेऊन तिने कडीवर हात ठेवला.

आधी काही झाले नाही. मग आत तो आवाज आला, चिकटून सुटणारा. एक सरळ, एक फरफटलेला. खुर्ची मागे सरकली. सर "कोण?" म्हणाले. पुन्हा "कोण?" म्हणाले. दाराच्या फळीत बोटभर फट होती. तिलोत्तमाने बघायचे नाही असे ठरवले आणि बघितले.

सर टेबलाशी वाकून लिहीत होते. भराभर, शाळेतल्या मुलासारखे, मान खाली घालून. त्यांच्या खांद्यावरून कुणीतरी कागदाकडे बघत असावे, कारण त्यांचा तो खांदा दबलेला होता. लिहिणारा हात मनगटापर्यंत ओला चमकत होता. बोटे टोकांकडून पांढरी होत वर येत होती.

"पुढे?" सरांनी विचारले. तो आवाज तिने कधी ऐकला नव्हता. अजिजीचा. "पुढे काय लिहू?"

उत्तर तिला ऐकू आले नाही. सरांना आले असावे. ते पुन्हा लिहू लागले. पेन कागदावर करकरत होते, आणि कागदावर काहीच उमटत नव्हते.

"पुढे?" हा आवाज आणखी कोरडा होता, पीठ वाळून तडकावे तसा. मग दाराकडे मान वळवायचा प्रयत्न करत, अर्धीच वळवत, ते म्हणाले, "तिलोत्तमा देवी... दार..."

कडी तिच्या हाताखाली थरथरली. तिने ती घट्ट धरली. आपल्या अंगात एवढे बळ असेल असे तिला कधी वाटले नव्हते.

जिन्यावरून कनक अपा वर आल्या, पावले चुकवत, भिंतीच्या कडेकडेने. दाराशी येऊन त्यांनी कान दिला.

"आत सर आहेत?"

"हो."

"एकटे?"

"नाही, अपा," तिलोत्तमा म्हणाली. "जेमा आलीय. लेख तपासून घेतेय."

आतून पुन्हा ऐकू आले, "पुढे?" अपांनी डोळे मिटले. मग हात पुढे केला आणि कडीवरच्या तिच्या हातावर ठेवला. तिलोत्तमाला वाटले, दार उघडायला सांगताहेत, आणि तिने हात काढायला घेतला.

पण अपांचा हात वरून दाबत होता. दोघी तशाच उभ्या राहिल्या, आतले करकरणे पुरते थांबेपर्यंत.